जर्मनीत बाळंतपणानंतर कामावर परतताय? ऑफिसची तारीख सगळ्यात शेवटी ठरवा

मुलगा चौदा महिन्यांचा होत आला तेव्हा मी म्युनिकमधे परत कामावर रुजू झाले. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली, पण अजूनही ओळखीतली कोणी ना कोणी गरोदर असते नी तिचा फोन येतोच, की किती महिने सुट्टी घेऊ, ऑफिसला काय सांगू, किटा म्हणजे इथलं पाळणाघर कधी शोधायला लागू. फोनवर तासभर जे बोलते तेच इथे लिहून काढतेय, म्हणजे कुणाला रात्री बाळाला दूध पाजता पाजता मोबाईलवर वाचता येईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट. पुण्यात माझी बहीण कामावर परत गेली तेव्हा घरात तिच्या सासूबाई होत्या, दिवसभराच्या एक मावशी होत्या, शेजारच्या काकू येऊन जाऊन असायच्या. बाळासाठी फक्त एक माणूस काही तासांसाठी कमी झालं. इथे दोन खोल्यांच्या घरात बाळाचं अख्खं जग म्हणजे दोन माणसं आणि व्हिडिओ कॉलवरचे आजी-आजोबा, नी त्या जगात फक्त मराठी. अशा बाळाला एक दिवस अनोळखी खोलीत, अनोळखी भाषेत सोडायचंय. म्हणून इथे आई कामावर कधी जाणार हे बाळ किटामधे कधी रुळणार यावर ठरतं, आणि ते रुळणं आपल्या कॅलेंडरप्रमाणे होत नाही. त्यामुळे हिशोब उलटा मांडायचा: आधी किटाची तारीख, मग रुळायचे सहा आठवडे, मग ऑफिस.

माझं हेच चुकलं होतं. माझी एल्टर्नझाइट, म्हणजे बाळासाठीची लांब सुट्टी, ३१ ऑगस्टला संपत होती, ऑफिसला १ सप्टेंबर सांगून मोकळी झाले होते, आणि किटासुद्धा १ सप्टेंबरलाच सुरू. नवऱ्याची सुट्टी १७ सप्टेंबरपर्यंत होती, आम्हाला वाटलं अडीच आठवडे म्हणजे भरपूर झाले. आठव्या दिवशी बाळाला ताप आला, पाच दिवस घरी, आणि परत गेला तेव्हा सगळं पहिल्यापासून. नवऱ्याची सुट्टी संपली, मी मुदतवाढ मागितली, ती मिळाली नाही कारण टीममधे आधीच माणसं कमी होती. शेवटी बाळंतपणाच्या आधीची माझी अकरा दिवस सुट्टी उरली होती ती कामी आली. ही सुट्टी बुडत नाही हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं, एल्टर्नझाइट संपल्यावर त्या वर्षात किंवा पुढच्या वर्षात ती घेता येते. तुमची किती उरलीय ते आजच एचआरला विचारून ठेवा.

आता कागदपत्रांचं. एल्टर्नझाइट म्हणजे नोकरी राखून ठेवून मिळणारी सुट्टी, आई आणि बाबा दोघांनाही प्रत्येकी तीन वर्षांपर्यंत, आणि एल्टर्नगेल्ड म्हणजे त्या काळात सरकारकडून मिळणारे पैसे. दोन्ही वेगळ्या गोष्टी, दोन्हीचे अर्ज वेगळे. ब्लू कार्डवाल्यांनासुद्धा, म्हणजे उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्यावर आलेल्यांनाही, दोन्ही मिळतं.

एल्टर्नझाइटचा अर्ज सुट्टी सुरू व्हायच्या सात आठवडे आधी कंपनीकडे द्यायचा. मे २०२५ पासून जन्मलेल्या बाळांसाठी साधा ईमेल चालतो, त्याआधी सही केलेला कागदच लागायचा. यात एक मेख आहे: अर्जात पुढच्या दोन वर्षांत कधी कधी सुट्टी घेणार ते लिहायचं असतं आणि ते बंधनकारक असतं. मी फक्त ३१ ऑगस्टपर्यंत लिहिलं, त्याचा अर्थ दुसऱ्या वर्षातल्या उरलेल्या महिन्यांवर मी पाणी सोडलं असा झाला, मग वाढवून मिळणं पूर्णपणे कंपनीच्या मर्जीवर. म्हणून मी सगळ्यांना सांगते की सरळ दोन वर्षांची टाका, आणि दुसऱ्या वर्षी त्याच सुट्टीच्या आत पार्टटाइम काम मागा. आठवड्याला ३२ तासांपर्यंत काम करता येतं, कंपनीत १५ पेक्षा जास्त माणसं असतील आणि तुम्हाला तिथे सहा महिन्यांहून जास्त झाले असतील तर तो तुमचा हक्क आहे, फारच सबळ कारण असेल तरच ते नाही म्हणू शकतात. फायदा हा की एल्टर्नझाइट संपली की तुमचं जुनं फुलटाइम कॉन्ट्रॅक्ट आपोआप परत चालू होतं आणि तोपर्यंत नोकरीवरून काढता येत नाही. मी एल्टर्नझाइट संपवून नंतर साधं पार्टटाइम मागितलं, तर त्यासाठी तीन महिने आधी अर्ज करावा लागला, म्हणजे ते पहिले अवघड महिने फुलटाइमच काढले.

एल्टर्नगेल्ड नेट पगाराच्या साधारण ६५ टक्के, कमीत कमी ३०० नी जास्तीत जास्त १८०० युरो महिना. दोघांचे मिळून १२ महिने, आणि दोघांनीही प्रत्येकी किमान दोन महिने घेतले तर १४. पण हे महिने बाळाच्या जन्मतारखेपासून मोजतात, कॅलेंडरचे नाहीत. आमचं बाळ १८ तारखेचं, तर आमचा प्रत्येक महिना १८ ते १७. बाबा लोक हमखास १ ते ३० अशी सुट्टी टाकतात, मग ती दोन महिन्यांत अर्धी अर्धी पडते आणि पैशांचा घोळ होतो. तसंच पूर्ण रकमेचं एल्टर्नगेल्ड बाळाच्या चौदाव्या महिन्यापर्यंतच घेता येतं, त्यानंतर पाहिजे तर अर्ध्या रकमेचं एल्टर्नगेल्ड प्लस, तेसुद्धा मधे खंड न पाडता. म्हणजे किटा बाळाच्या पंधराव्या महिन्यात सुरू होणार असेल तर बाबाचे महिने आधीपासून प्लसमधे बसवून ठेवावे लागतात. अर्ज बाळ झाल्यावरच करता येतो, पण मागचे पैसे फक्त तीन महिन्यांपर्यंतचेच मिळतात, तेव्हा फॉर्म गरोदरपणातच भरून ठेवा, बाळ आल्यावर हातात पेन धरायलाही वेळ मिळत नाही.

किटा शोधायला पोट दिसायला लागलं की लागायचं. १ ऑगस्ट २०१३ पासून इथे पहिल्या वाढदिवसापासून प्रत्येक बाळाचा जागेवर कायद्याने हक्क आहे, आई नोकरी करत असो वा नसो. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा, कारण भारतातली नोकरी सोडून नवऱ्याबरोबर आलेल्या कितीतरी जणी म्हणतात की आधी जॉब लागू दे मग किटा बघू, आणि मग किटा नाही म्हणून इंटरव्ह्यूला जाता येत नाही नी जर्मनच्या क्लासलाही. जागा मात्र हक्क असूनही सहज मिळत नाही. इथे बव्हेरिया राज्यात मोठी मुलं सप्टेंबरमधे शाळेत जातात तेव्हाच जागा रिकाम्या होतात, तेव्हा फेब्रुवारीत वर्षाचं होणाऱ्या बाळालाही बहुतेक सप्टेंबरच मिळतो. शहराच्या किटाफाइंडर या वेबसाइटवर नाव टाकाच, पण चर्चच्या, पालकांनी मिळून चालवलेल्या, खाजगी अशा सगळ्या ठिकाणी स्वतः जाऊन भेटा. टागेसमुटर म्हणजे स्वतःच्या घरी चार-पाच मुलं सांभाळणारी बाई, लाजऱ्या बाळासाठी मला तर तो पर्याय जास्त आवडतो. गोवराची लस झाल्याचा पुरावा लागतो, भारतात लस झाली असेल तर ते कार्ड बालरोगतज्ज्ञांना दाखवून इथल्या लसींच्या पिवळ्या पुस्तकात नोंद करून घ्या.

आता मुख्य भाग. बाळ रुळवण्याला इथे आइनगेव्योनुंग म्हणतात आणि ते ही मंडळी फार मनापासून करतात. बहुतेक ठिकाणी बर्लिन पद्धत असते: पहिले तीन दिवस आई किंवा बाबा तासभर बाळासोबत खोलीत बसतात, कुठेही जात नाहीत. चौथ्या दिवशी पहिल्यांदा खोलीबाहेर, जास्तीत जास्त अर्धा तास. मग बाळ कसं घेतंय ते बघून वेळ वाढवत न्यायची. कागदावर दोन-तीन आठवडे, प्रत्यक्षात जेवण आणि दुपारची झोप तिथे व्हायला लागेपर्यंत सहा धरा.

हे शक्यतो बाबाने करावं असं माझं ठाम मत आहे. वर्षभर अंगावर पाजलेल्या आईपासून सुटणं बाळाला जास्त जड जातं, आणि पुढे किटामधून फोन येतो तेव्हा टीचर ज्याला ओळखतात त्यालाच करतात, तो दरवेळी आईलाच यायला नको. आमच्याकडे चौथ्या दिवशी टीचरने खूण केल्यावर नवऱ्याने त्याला कडेवरून उतरवलं, "बाबा येतो हं" म्हणाला आणि बाहेर कॉरिडॉरमधे जाऊन बसला. तिथे मुलांचे रंगीत गमबूट ओळीने लावलेले असतात नी वर हुकांना चिखलात खेळायच्या रबरी पँटी टांगलेल्या, आणि वीतभर उंचीचा एक बाक. त्या बाकावर बसून त्याने बारा मिनिटं बाळाचं रडणं ऐकलं. मग आवाज थांबला. दार उघडलं तर हा टीचरच्या मांडीवर, एका हातात लाकडी चमचा, हुंदके देत देत तो चमचा वाटीवर आपटत होता. नवऱ्याने मला ऑफिसात फोन केला नी बराच वेळ नुसताच फोन धरून ठेवला.

निघताना सांगूनच निघायचं. आपल्याकडे "ती बघ चिऊ" करून बाळाचं लक्ष नाही बघून सटकायची सवय असते, ती इथे अजिबात नको, कारण मग बाळ खेळताना पण सारखं मागे वळून बघत राहतं की आई आहे ना. आणि आपल्या भाषेत एक छान सोय आहे, आपण निघताना "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. रोज त्याच शब्दात सांगा, एक पापी, आणि मग वळून निघा, दारात घुटमळू नका. पाचव्या आठवड्यात माझा मुलगा स्वतः हात हलवून "येये" म्हणायला लागला.

टीचरना मराठी शब्द शिकवा. आम्ही एका कागदावर मोठ्या अक्षरात पंधरा शब्द लिहून दिले: मंमं, पाणी, गाई, बाऊ, शी, शू, भुर्र, पुरे, आई येणार वगैरे. स्पेलिंग जर्मन वाचणाऱ्याच्या सोयीने लिहायचं, त्यांना इंग्रजी J हे अक्षर य वाटतं आणि W हा व. तो कागद त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता, आणि एक दिवस मी घ्यायला गेले तर पन्नाशीची टीचर डायपर बदलताना त्याला "शी झाली?" असं विचारत होती. घरी मात्र मराठीच बोला. जर्मन त्याला तिथे मिळतंच.

झोपेसाठी घरचा वास असलेली वस्तू द्या. आमची आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी होती, ती सुरुवातीचे दोन महिने मी धुतलीच नाही. जेवणाच्या फॉर्मवर काय चालत नाही ते स्पष्ट लिहा, नुसतं व्हेजिटेरियन लिहून भागत नाही, मासे आणि जिलेटिनचंही सांगा. प्रत्येक कपड्यावर, बुटावर नाव.

पहिला हिवाळा आजारपणातच जातो, याची मनाची तयारी ठेवा. सर्दी, ताप, जुलाब, डोळे येणं, एक गेलं की दुसरं, आणि मग आपल्यालाही तेच. सरकारी इन्शुरन्स असेल तर आजारी मुलासाठी आई-बाबांना वेगळी पगारी सुट्टी आहे, २०२४ आणि २०२५ मधे ती प्रत्येकी १५ दिवस होती दर मुलामागे, साधारण नेट पगाराच्या ९० टक्के, पहिल्या दिवसापासून डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. हे दिवस दोघांनी आलटून पालटून घ्या. आजी-आजोबांना बोलवायचं तर याच काळात. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, बहुतेक जण ते बाळंतपणात वापरून टाकतात नाहीतर उन्हाळ्यात हवा छान म्हणून बोलवतात. आमचे सासू-सासरे नोव्हेंबरच्या सुरुवातीला आले, थंडीचा त्रास झाला त्यांना, पण त्या तीन महिन्यांत मी फक्त दोनदा रजा घेतली.

आता पगाराचं, कारण यावरून किती घरांत बाईची नोकरी सुटते ते मी पाहिलंय. दर महिन्याला पगारातून किती टॅक्स कापायचा ते टॅक्स क्लासवरून ठरतं, आणि बऱ्याच जोडप्यांत नवरा क्लास तीनमधे आणि बायको पाचमधे असते. पार्टटाइमची पहिली पे स्लिप येते, आकडा बघून घरात कुणीतरी म्हणतं की अगं एवढे तर किटालाच जातात, मग कशाला ही धावपळ. तो आकडा खरा नाही. पाचमधे तुमच्या पगारातून जास्त टॅक्स कापतात आणि तेवढा त्याच्या पगारातून कमी, वर्षाअखेरीला दोघांचा हिशोब एकत्रच होतो. दोघांचाही क्लास चार करून बघा, तुमचा आकडा लगेच बदलतो. शिवाय एल्टर्नगेल्ड नेट पगारावर ठरतं, दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर क्लास वेळेत बदललेला बरा, आणि २०२५ पासून किटाच्या फीच्या ८० टक्के, मुलामागे ४८०० युरोपर्यंत, टॅक्स लागणाऱ्या उत्पन्नातून वजा होतात. आणि ती फी दोघांच्या पगारातून धरा, बाळ दोघांचं आहे.

ऑफिसमधे पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर तीननंतरचा वेळ ब्लॉक करून टाका, रोजचा, कायमचा. कारण देत बसू नका, इथे बाबा लोकही चारला किटाला जायचंय म्हणून मीटिंगमधून उठतात. बाळ वर्षाच्या आतलं असेल आणि अजून पाजत असाल तर कामाच्या वेळात रोज दोनदा अर्धा तास किंवा एकदा तासभर त्यासाठी मिळतो, पगार न कापता.

आणि संध्याकाळी घरी आल्यावर बाळ कडेवरून उतरत नाही, किरकिर करतं, किटामधे दिवसभर शहाण्यासारखं वागलेलं बाळ घरी येऊन तासभर रडतं. आम्ही घाबरून टीचरला विचारलं तर ती म्हणाली की दिवसभर धरून ठेवलेलं तो तुमच्यापाशी सोडतोय. तेव्हापासून मी सकाळीच डाळ-तांदूळ धुऊन भिजवून जाते, आल्या आल्या कुकर लावते नी तशीच, बाहेरच्या कपड्यांत, त्याच्याजवळ जमिनीवर बसते. तीन शिट्ट्या होईपर्यंत फोन बघत नाही की कपडे घडी करत नाही. तिसऱ्या शिट्टीला तो बहुतेक वेळा स्वतःच उठतो आणि आपली वाटी आणायला जातो.