विस्कॉन्सिनच्या सरकारी जंगलात हरणाची शिकार: गर्दी टाळायची कशी?

मॅडिसन-मिलवॉकीकडे नव्याने आलेल्यांपैकी कोणी ना कोणी दरवर्षी विचारतंच, की सरकारी जंगलात फार गर्दी असते का हो? असते. बंदुकीचा मुख्य हंगाम ९ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारपासून. त्या शनिवारी उजाडायच्या आत पार्किंग भरलेलं असतं.

आधी कागदपत्रं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे शिकार जवळपास संपलीच, त्यामुळे परवाना, टॅग वगैरे आपल्याला नवं. १९७३ पासून पुढे जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. एच-वन (नोकरीच्या) किंवा एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर शिकारीचा परवाना हातात येईपर्यंत बंदुकीला हात लावू नका. केंद्रीय कायद्याचा मामला आहे, वकिलाला विचारूनच पुढे जा.

आता जागा. नकाशावर हरणं नंतर शोधा, आधी पार्किंग शोधा. बहुतेक लोक गाडीपासून अर्ध्या मैलाच्या आतच बसतात, आणि मध्ये गुडघाभर पाण्याचा ओढा आला की मागे वळतात. तुम्ही वेडर्स, म्हणजे पाण्यात चालायचे उंच रबरी बूट, घालून तो ओलांडा. पण उगाच तीन मैल आत घुसू नका. पोट साफ केलेला मोठा नरसुद्धा साठ-सत्तर किलो भरतो, आणि तो ओढून आणायचाय तुम्हालाच. रस्त्यालगतची, पण गाडी लावायला जागा नसलेली झाडोऱ्याची पट्टी कित्येकदा रिकामी सापडते.

माझ्या मते खरी युक्ती जागेपेक्षा वेळेची. साडेदहा-अकराला मंडळी गारठतात, मचाणावरून उतरतात, कॉफीसाठी गाडीकडे निघतात. झाडांमधून केशरी टोप्या हलायला लागल्या, की हरणं त्यांच्या पुढून मान खाली घालून दलदलीकडे, सीडरच्या दाट झाडीकडे सरकतात. हे तुमचे फुकटातले हाकारे! तुम्ही त्या दाटीच्या कडेला, वारा तोंडावर घेत, पहाटेपासून बसलेले असा आणि दुपारी हलूच नका. दशम्या बरोबर न्या, पण फडक्यात बांधून. फॉइलचा चुरचुराट हरणाला लांबून ऐकू येतो.

रजा टाकायचीच तर सोमवार ते बुधवार. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होतो, तेव्हा जंगलात त्या मानाने सामसूम असते.

बंदुकीच्या हंगामात कमरेवरचे निम्मे कपडे तरी भडक केशरी किंवा गुलाबी हवेत, टोपी घातलीत तर तीसुद्धा. ठरवलेल्या जागी आधीच कोणी बसलेलं दिसलं, तर वाद न घालता पुढे चला; जमीन सगळ्यांची आहे. म्हणून दुसरी-तिसरी जागा आधीच हेरून ठेवा.

हरीण मिळालंच, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत त्याची नोंद करायची. इथल्या हरणांत २००२ पासून सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग सापडतोय. डीएनआर, म्हणजे राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं, तपासणी फुकट करतं. निकाल येईपर्यंत मटण फ्रीझरमध्येच राहू द्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटू नका.