हेड गॅस्केट बदलताय? जुने बोल्ट परत लावण्याआधी या चुका टाळा

हेड (इंजिनाचा वरचा भाग) फेसिंग करून, म्हणजे खालची बाजू सपाट करून आलेलं असतं, नवं गॅस्केट (हेड आणि ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, यांच्यामधली सील) हातात असतं, आणि ट्रेमधले जुने बोल्ट रॉकेलने पुसल्यावर अगदी चांगले दिसतात. घोळ इथेच होतो. बिघडलेला हेड बोल्ट बहुतेकदा चांगलाच दिसतो.

हेड बोल्ट ही एक ताठ स्प्रिंग आहे. कसताना तो किंचित लांबतो, परत आखडायला बघतो आणि त्या ओढीने हेड ब्लॉकवर दाबून ठेवतो. जुन्या पद्धतीच्या इंजिनांत नुसत्या टॉर्कवर (पिळण्याच्या जोरावर) कसायचे बोल्ट सैल केले की मूळ लांबीवर येतात. ते तपासून पुन्हा लावता येतात. मॅन्युअलमध्ये मात्र "आधी अमुक टॉर्क, मग 90 अंश, मग पुन्हा 90 अंश" असं, म्हणजे शेवटी ठरावीक अंशांत फिरवायला, लिहिलेलं असेल, तर बोल्ट बहुधा कायमचा ताणला जाईल इतका कसण्यासाठीच बनवलेला असतो. तसा बोल्ट एकदाच वापरायचा. काही कंपन्या जास्तीत जास्त लांबी देऊन पुनर्वापराला परवानगी देतात, तेव्हा प्रत्येक बोल्ट व्हर्नियरने मोजा. एक जरी मापाबाहेर गेला, तर मी अख्खा संच बदलतो.

माप दिलेलं नसेल तर जुना बोल्ट नव्याशेजारी उभा धरा. आटे सुरू होतात तिथे कंबर बारीक झालेली दिसली, तर तो बाद. त्याच आट्यांचा नट हाताने फिरवून पाहा. मध्येच अडकला तर तिथले आटे ताणलेत. पण नट सरळ गेला म्हणून बोल्ट पास, असं मात्र नाही.

"रेंच टक्क वाजला, म्हणजे बसला" ही दुसरी चूक (टॉर्क रेंच ठरवलेल्या जोराला टक्क वाजतो). लावलेल्या जोरातला साधारण 90 टक्के भाग बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच जातो. आटे गंजके असले की रेंच वेळेवर वाजतो, दाब मात्र अपुरा राहतो. मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तिथेच आणि तेवढंच तेल लावा.

सगळ्यात महाग पडते ती तिसरी चूक: ब्लॉकमधल्या, खालून बंद असलेल्या बोल्टच्या भोकात साचलेलं तेल किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव). द्रव दबत नाही, त्यामुळे बोल्ट खाली उतरताना ब्लॉकच तडकू शकतो, आणि तिथे नवाकोरा बोल्टही उपयोगाचा नाही. चष्मा घालून, भोकावर फडकं धरून हवा मारा. आटे साफ करायला धारदार टॅप (आटे पाडायचं हत्यार) घालू नका, तो धातू खरवडतो. बाद झालेल्यांपैकी आटे शाबूत असलेला एक बोल्ट घ्या, आट्यांवर उभ्या दोन खाचा पाडा आणि हाताने फिरवा. मळ त्या खाचांत येतो. पाण्याच्या वाटेत उतरणाऱ्या बोल्टांना सांगितलेलं सीलंट लागतंच.

क्रम मॅन्युअलमधलाच पाळा. साधारणपणे कसताना मधून बाहेर आणि सोडताना बाहेरून आत, तेही इंजिन पूर्ण थंड असताना. अंश मोजायला बोल्टच्या डोक्यावर रंगाचा ठिपका द्या, अंदाज फसतो.

नंतर कूलंट कमी होऊ लागलं किंवा टाकीत बुडबुडे दिसले, तर बोल्ट आणखी आवळून बघू नका. अंशांवर कसलेला बोल्ट आधीच ताणलेला असतो. वरून जोर दिला तर तो ब्लॉकमध्येच तुटू शकतो.