चीनमध्ये बनलेली परदेशी गाडी ताब्यात घेताना

‘चीनमध्ये बनलीय, पत्रा कसा असेल हो?’ डेंटिंग-पेंटिंगमध्ये पंचवीस वर्षं झाली, आता हा प्रश्न रोजचा. देशाच्या नावावरून पत्रा कळत नाही, बोट फिरवावं लागतं.

आधी गाडी कुठली ते बघा. काचेखालच्या १७ अक्षरी चॅसिस नंबरात शांघायची टेस्ला ‘एलआरडब्ल्यू’ने सुरू होते, बर्लिनची ‘एक्सपी७’ने. मॉडेल वाय एकच, कारखाने वेगळे. पोलस्टार २ ही गाडी चीनमधल्याच लुचियाओची, बीएमडब्ल्यूची जुनी आयएक्स३ तिथल्याच शेन्यांगची. एवढं कळलं की पुरे. बाकी समोरच्या गाडीवर.

पत्र्यांमधली गॅप मोजायला जुनी एटीएम कार्डं घ्या. एक कार्ड ०.७६ मिलिमीटर, चार एकत्र धरली की तीनच्या थोडं वर. बॉनेट आणि फेंडरच्या फटीत पुढे, मधे, मागे सरकवून बघा, मग दुसऱ्या बाजूला. आकड्यापेक्षा दोन्ही बाजू सारख्या लागतात का, ते महत्त्वाचं. दाराची फट वर सैल आणि खाली घट्ट असेल तर घाबरू नका, बिजागरी सेट करून काम होतं. पण पुढच्या दारावरून मागच्या दाराकडे नख ओढताना मागच्या दाराची कड बाहेर आलेली लागली, तर हायवेला वारा शिट्टी घालणार. ते सही करण्याआधी लिहून द्या.

रंग भर उन्हात, तिरप्या नजरेनं बघायचा. रंगाची जाडी मोजायचा मीटर असेल तर पत्र्यावर साधारण ९० ते १५० मायक्रॉन दिसतात. एकाच दारावर २५० आलं तर विचारा. बोटीत किंवा बंदरावर घासलेली गाडी गुपचूप रंगवलेली असू शकते. प्लास्टिकच्या बंपरवर हा मीटर चालत नाही, तिथे शेडच जुळवून बघायची.

टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२५ म्हणजे २०२५चा २३वा आठवडा. त्यावरून गाडी यार्डात किती काळ उभी असेल, याचा अंदाज येतो.

आणि डिकीची चटई उचलाच. एका ओळखीच्याची गाडी मी फटी मोजून पास केली, चटई मात्र तशीच राहिली. पहिल्या पावसात खालच्या खड्ड्यात तांब्याभर पाणी! टेललॅम्पमागची सील एका कोपऱ्यात दुमडली होती. तेव्हापासून मी आधी पाइपनं पाणी मारतो, दहा मिनिटं थांबतो, मग चटईखाली कोरडा कागद दाबून बघतो.