'मुंबईला गेला' एवढ्यावर वही मिटू नका

गणपतीनंतर दोन-तीन नव्या मुली आमच्या खाडीपट्ट्यातल्या वाड्यांमध्ये अभ्यासवर्ग सुरू करणार आहेत. त्यातल्या एकीने परवा फोन केला, "ताई, पहिल्या दिवशी बरोबर काय नेऊ?" मी म्हटलं, दोनशे पानी वही आणि पावसात टिकेल अशी चप्पल. बाकीचं लिहून पाठवते म्हणाले होते, ते हे.

वर्ग कसा घ्यायचा ते तुम्हांला येतंय असं धरून चालते. समाजमंदिराची किल्ली कुणाकडे असते, मुलांचे गट इयत्तेपेक्षा वाचनाच्या पातळीवर का पाडायचे, भजनाच्या दिवशी वर्ग कुठे हलवायचा, हे प्रशिक्षणात होतं आणि उरलेलं महिनाभरात अंगवळणी पडतं. त्याची काळजी करू नका. मला बोलायचंय ते जून महिन्याबद्दल, कारण जूनमध्ये माझ्या हातून एक मुलगा सुटला.

दापोली तालुक्यातलं खाडीकाठचं गाव. चार वाड्या, जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल आठ किलोमीटरवर. ते माझं पहिलंच वर्ष. सातवीत अकरा मुलं होती. एकाला दिवाळीपर्यंत भागाकार जमत नव्हता. वरचा अंक खाली उतरवायचा की नाही इथेच तो अडायचा. मार्चमध्ये एका संध्याकाळी त्याने तीन अंकी भागाकार सोडवला आणि पाटी माझ्यापुढे धरून नुसता उभा राहिला. एक मेला निकाल लागला, अकराही पास. पुढच्या आठवड्यात शाळेने सगळ्यांचे शाळा सोडल्याचे दाखले दिले.

जूनच्या शेवटी मी घरोघर फिरले. त्याची आजी पडवीत बसून बरणीत सोलं भरत होती. म्हणाली, "मुंबयला गेला तो, काकाकडं. आता तिकडंच शाळा." मी नावापुढे 'मुंबई' लिहिलं, चहा घेतला आणि पुढच्या घरी गेले. अकरांपैकी आठ हायस्कूलला, एक वसतिगृहात, दोघे मुंबईत. अहवालात एकही गळती नाही. बैठकीत माझं कौतुकही झालं.

गणपतीला काका आला. आरती झाल्यावर मी सहज विचारलं, पुतण्याला बरोबर आणलं नाही का? तो गोंधळून माझ्याकडे बघतच राहिला. मुलगा त्याच्याकडे कधी गेलाच नव्हता. तो होता इथून तासाभराच्या अंतरावर, बंदरावर, एका नातेवाइकाच्या ओळखीने. आधी बर्फ फोडायला, आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्यावर होडीवर. वय तेरा. विसर्जनाला तो गावात आला तेव्हा मी त्याला गाठलं. बर्फ आणि खारं पाणी यांनी बोटांची टोकं पांढरी पडून चिरली होती. माझी नजर तिकडे गेल्याबरोबर त्याने हात मागे घेतले.

आता हा घोळ होतो कसा ते नीट समजून घ्या. दोनदा वाचावं लागलं तरी वाचा.

सातवी पास मुलाला दाखला दिला की जुन्या शाळेच्या पटावरून त्याचं नाव कमी होतं. ते नियमाला धरूनच असतं, गुरुजींचं काम तिथे संपतं. नव्या शाळेला असा कुणी मुलगा आहे हेच ठाऊक नसतं; कुणी दाखला घेऊन येईल तेव्हा कळणार. या दोन शाळांच्या मधल्या काळात मुलाचं नाव कुठल्याच हजेरीवर नसतं. आपल्याकडे सलग तीस दिवसांहून जास्त गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरतात. पण गैरहजर राहायला आधी नाव पटावर असावं लागतं. ज्याचं नावच नाही त्याची गैरहजेरी लावणार कोण? शिक्षक हाक मारत नाहीत, कारण यादीत तो नाही. केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी, विचारत नाहीत, कारण शाळेने 'दाखला दिला' असं लिहून दिलंय. आणि घरात तो दाखला रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या पेटीत पडून असतो.

दाखला नेला म्हणजे दुसरीकडे नाव घातलं, हे मी गृहीत धरलं. सगळी चूक एवढ्यात आहे. दाखला हा शाळा सोडल्याचा कागद आहे, त्याचं नावच तसं आहे. शाळेत घेतल्याचा कागद वेगळा.

त्यातून आपलं कोकण. दुसऱ्या एखाद्या मुलखात मूल गावातून नाहीसं झालं तर लोक विचारतील. आपल्याकडे निम्मं घर मुंबईत, उरलेलं ठाण्या-विरारला. 'मुंबईला गेला' म्हटलं की ऐकणारा मान हलवतो. आजीने मला फसवलं असं मी आजही म्हणत नाही. घरात मिळवणारा माणूस नव्हता, आणि नातू होडीवर जातो हे शिकवणाऱ्या बाईला सांगायची तिला लाज वाटली. विचारायचं काम माझं होतं. कोणती शाळा? कुठल्या स्टेशनजवळ? कितवी तुकडी? काकांचा नंबर द्या, आत्ताच बोलते. चार प्रश्न. तुम्ही ते विचारा. वाईट वाटेल, आगाऊपणा वाटेल, तरी विचारा. आवाज मात्र मऊ ठेवा.

माझी दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती. सप्टेंबरमध्ये मुलगा सापडला होता. मी त्याला घेऊन एका हायस्कुलात गेले, तर तिथे सांगितलं, आता उशीर झाला, पुढच्या जूनमध्ये या. मी मान्य केलं आणि परत आले. पुढच्या जूनमध्ये तो आला नाही. वर्षभर खिशात पैसे खुळखुळल्यावर आणि मोठ्या माणसांत वावरल्यावर कुठलं पोर बाकावर येऊन बसेल?

तेव्हा मला माहीत नव्हतं ते आता पाठ आहे, तुम्हीही पाठ करा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या मुलासाठी, आठवीपर्यंत: कलम १५ प्रमाणे प्रवेशाची मुदत टळली म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. कलम ५ प्रमाणे दाखला मिळायला उशीर झाला, या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. कलम ४ प्रमाणे मूल मागे पडलेलं असलं तरी त्याला वयाच्या मानाने वर्गात बसवायचं आणि वेगळं शिकवून बरोबरीला आणायचं. ही चार कलमं मराठीत एका कागदावर लिहून वहीत ठेवा. भांडायला जाऊ नका. कागद पुढे ठेवून म्हणा, "सर, आपण यातून कसं करू या?" बहुतेक मुख्याध्यापक मार्ग काढतात. त्यांनाही पट हवाच असतो.

धोंडो केशव कर्वे आमच्याच तालुक्यातल्या मुरूडचे. सतरा वर्षांचे असताना परीक्षेला बसायला ते कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला चालत गेले, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना बसू दिलं नाही. ही गोष्ट आम्हांला शाळेत जिद्दीचं उदाहरण म्हणून सांगत. मला आता त्यात टेबलापलीकडचा माणूसच दिसतो. कर्वे परत आले आणि पुढे शिकले. त्या टेबलाशी अडून कायमची घरी गेलेली मुलं कुठल्या धड्यात येत नाहीत.

मी या कामाकडे आले त्यालाही कारण आहे. सातवीनंतर माझंही एक वर्ष घरी गेलं. हायस्कूलला जायची एसटी सकाळी होती, परतीची साडेसहाला. पावसाळ्यात फाट्यावरून वाडीत यायला अंधार, मध्ये पऱ्या, म्हणजे ओढा. बाबा म्हणाले, पोरीला कशाला. माझा दाखला तांदळाच्या डब्यात ठेवलेला होता. तांदूळ काढताना हाताला लागायचा, मी तो परत खाली दाबायची. वर्षाने अंगणवाडीच्या बाई घरी आल्या आणि आईशी दोन तास बोलल्या. शिक्षणाचं महत्त्व वगैरे त्यांनी काढलंच नाही. फाट्यापासून वाडीपर्यंत आणखी कोण मुली येतात, कोणाचा भाऊ बॅटरी घेऊन उभा राहील, एवढंच ठरवलं. मी आठवीत गेले. म्हणून सांगते, 'पालकांना जाणीव नाही' हे वाक्य माझ्यासमोर कुणी बोलू नये. जाणीव असते. अंधारही असतो.

तेव्हा गाडीचं वेळापत्रक हाही तुमचा अभ्यासविषय समजा. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, मुलग्यांना विद्यार्थी पासात मोठी सवलत आहे. पास असून गाडीच सोयीची नसेल तर काय उपयोग? शाळा व्यवस्थापन समितीचा अर्ज, ग्रामसभेचा ठराव आणि हायस्कूलच्या मुख्याध्यापकांचं पत्र, हे तिन्ही घेऊन आगारात जा. आम्हांला परतीची गाडी पाऊण तास अलीकडे आणायला दोन महिने लागले. त्या वर्षी तीन मुली टिकल्या. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असा कायदाच आहे, त्या बायकांना सहीपुरतं बोलावू नका. कुणाचं पोर कुठे आहे हे त्यांना आपल्याआधी कळतं.

दप्तरवाटप मला आवडत नाही. जूनमध्ये पाहुणे येतात, रांगेत फोटो निघतात, आणि जो मुलगा त्या दिवशी रांगेत नाही त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही. देणाऱ्यांना नाराज करू नका, पण त्यांना सांगा, दप्तराऐवजी फाट्यावर पावसाळी शेड बांधून द्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सर्वांनी प्रवेश घेतला का?' असा संदेश टाकून अंगठे मोजणं हेही काम नव्हे. ज्याच्या घरचा अंगठा येत नाही तिथेच जायचं असतं.

मार्गदर्शक निवडताना जपा. माझ्या पहिल्या वर्षीच्या मार्गदर्शकांनी दर महिन्याला माझे तक्ते तपासले, रकान्यांच्या बेरजा जुळवल्या, पण 'मुंबई' या शब्दावर एकदाही बोट ठेवलं नाही. खरं शिकवलं ते शेजारच्या गावच्या निवृत्त गुरुजींनी. ते आजही जूनच्या तिसऱ्या आठवड्यात छत्री घेऊन हायस्कुलात जातात आणि आपल्या गावची मुलं बाकावर बसलेली डोळ्यांनी बघून येतात. असं कुणी तुमच्या आसपास असेल तर तक्ता भरायचं सोडून त्यांच्यामागे चाला.

आता मी काय करते ते सांगते. वहीत 'दाखला दिला' आणि 'वर्गात पाहिला' असे दोन वेगळे रकाने आहेत. दुसरा रकाना मी स्वतः पाहिल्याशिवाय किंवा नव्या शाळेच्या शिक्षकांशी बोलल्याशिवाय भरत नाही. जुलैत केंद्रप्रमुखांना विचारते, की विद्यार्थ्यांच्या सरकारी पोर्टलवर आमच्या शाळेची किती नावं अजून ड्रॉपबॉक्समध्ये आहेत. जुन्या शाळेने सोडलेलं आणि नव्या शाळेने न उचललेलं मूल तिथे अडकलेलं दिसतं. आणि गावाचं मुंबई मंडळ! देवळाचा कळस आणि क्रिकेटचे सामने यांसाठीच त्यांना फोन करायची आपली पद्धत. मी सेक्रेटरींना मुंबईला गेलेल्या मुलांची यादी पाठवते. कुणी नालासोपाऱ्याला राहतं, कुणी दिव्याला. रविवारी जाऊन बघून येतात. हे काम त्यांना मनापासून आवडतं, कुणी सांगितलं नव्हतं इतकंच.

आंब्याच्या बागांमधल्या नेपाळी राखणदारांची मुलं आणि दिवाळीनंतर विटांच्या, कोळशाच्या भट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी घरांतली मुलं, यांचं गणित निराळं. ती जूनची वाट बघत नाहीत, अधल्यामधल्या महिन्यात उठतात. जाण्याआधी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे जातील तिथल्या शाळेत दाखवून बसता येईल असं कार्ड, भरून घ्या आणि ते आईच्या हातात द्या. याच किनाऱ्यावर, वर बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणावर नेली, कुरणशाळा. मूल येत नाही तर शाळा उठून जाईल, इतकं साधं. आपल्याला एवढी झेप जमली नाही तरी बागेतल्या खोपीपर्यंत चालत जाता येतं.

एवढं वाचून घाबरला असाल तर थोडं थांबा. दरवर्षी दहा-पंधराच मुलं या फटीतून जात असतात. ती नावं एका पानावर मावतात. दहा घरं कुणीही फिरू शकतं. आणि एखादं मूल सुटलं तर तिथे सगळं संपलं असं धरू नका. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. तो मुलगा आता वीस वर्षांचा आहे, अजून होडीवरच आहे. गेल्या पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांत त्याने मला बाजारात थांबवून विचारलं, "ताई, तो बाहेरून भरायचा फॉर्म कधी सुटतो?" दाखला अजून आजीच्या पेटीत आहे का, मी विचारलं. आहे म्हणाला, एका कोपऱ्याला वाळवी लागलीय, पण नाव आणि जन्मतारीख वाचता येते.

या वर्षीच्या वहीत दुसऱ्या रकान्यात एक जागा अजून मोकळी आहे. मुलगी, सातवी पास, 'बदलापूरला मावशीकडे.' मावशीचा फोन दोन दिवस लागत नाही. मंडळाचे सेक्रेटरी रविवारी जातो म्हणालेत, मी त्यांना मुलीचा वर्गातला फोटो पाठवून ठेवलाय.