जुन्या गाडीचा पॉवर स्टिअरिंग होज नव्याने क्रिंप करून घेताना

हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या जुन्या गाडीत पंपापासून रॅकपर्यंत (चाके वळवणाऱ्या यंत्रणेपर्यंत) जाणारा दाबाचा होज, म्हणजे तेलाची जाड रबरी नळी, वीस-पंचवीस वर्षांनी गळू लागतो, तेव्हा ती गळती बहुधा रबराच्या मधल्या भागात नसते. रबर संपून धातूची नळी जिथे सुरू होते, त्या फेरूलच्या तोंडाशी ती असते. फेरूल म्हणजे होजच्या टोकावर चढवून यंत्राने चहूबाजूंनी दाबलेली धातूची टोपी, आणि या दाबण्यालाच क्रिंप म्हणतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतले रबर कडक होऊन आक्रसले, की फेरूल जागेवर असूनही त्याला धरण्याजोगे काही उरत नाही. तेल आधी घामासारखे पाझरते आणि मग थेंब धरते. जुनेच फेरूल पुन्हा दाबून घेण्याचा सल्ला काही मेकॅनिक देतात, पण दोष रबरात असल्याने त्याचा उपयोग चार दिवसांपलीकडे होत नाही. दाबाच्या बाजूला ज्युबिली क्लिप (स्क्रूने आवळायची धातूची पट्टी) आवळून वेळ निभावणे तर सरळ धोक्याचे आहे, कारण गाडीच्या पंपाचा दाब साधारण ६० ते १०० बारपर्यंत जातो आणि सुटलेले तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडले तर पेट घेऊ शकते.

मूळ होज मिळत असेल, तर थोडे जास्त पैसे मोजून तोच घ्यावा. मिळत नसेल, तर धातूची मूळ टोके ठेवून मधले रबर नवे घालून घेता येते. ठाणे-नवी मुंबईकरांना त्यासाठी लांब जावे लागत नाही. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे, कळंबोली या औद्योगिक पट्ट्यात चौकशी केल्यास जेसीबी, क्रेन आणि कारखान्यांतील प्रेस यांचे होज बनवणारे कारागीर सापडतात. अडचण इतकीच, की त्यांचा हात जड यंत्रांवर बसलेला असतो, आणि गाडीचा होज हा काही जेसीबीच्या होजचा धाकटा भाऊ नव्हे.

ब्रेकचा किंवा हायड्रॉलिक क्लचचा होज मात्र अशा ठिकाणी कधीही बनवून घेऊ नये. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारलेले असते व त्याला ईपीडीएम रबर लागते. हायड्रॉलिक होजच्या आतले नायट्राइल रबर त्यात फुगते, मऊ पडते आणि केव्हा दगा देईल याचा नेम राहत नाही. ब्रेकसाठी तयार, प्रमाणित होजच घ्यावा. पुढील सर्व मजकूर फक्त पॉवर स्टिअरिंगपुरता आहे.

होज काढण्यापूर्वी गळती नक्की कोठून आहे हे ठरवावे. पंपाच्या सीलमधून किंवा टाकीच्या झाकणातून सुटलेले तेल ओघळत फेरूलपर्यंत येते आणि निरपराध होजवर आळ येतो. सर्व भाग रॉकेलने किंवा डिग्रीझरने धुऊन, पुसून, पूर्ण वाळू द्यावा, मग फेरूलभोवती टाल्कम पावडर शिंपडून कोणाला तरी स्टिअरिंग दोन-चार वेळा फिरवायला सांगावे. पावडर प्रथम जिथे ओली होईल तिथे दोष असतो. पावसाळ्यात इंजिनाच्या जागेत सगळेच ओलसर असल्याने ही तपासणी आडोशाला, गाडी सुकवूनच करावी. इंजिन चालू असताना गळती बोटाने चाचपू नये. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून दाबाखाली निघालेले तेल कातडी भेदून आत शिरू शकते, आणि जखम वरून किरकोळ दिसली तरी ती तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब असते. चाचपायचेच असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा.

होज काढण्याच्या आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा. खाडीच्या दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाड्यांचे नट सहजी सुटत नाहीत. नट सोडण्यासाठी साधा पाना न वापरता नटाला जवळजवळ सर्व बाजूंनी धरणारा फ्लेअर नट पाना वापरावा, नाहीतर कोपरे गोल होतात आणि तासाभराचे काम दिवसभराचे होते. गाडीखाली शिरण्यापूर्वी, नुसत्या जॅकवर विसंबून न राहता, स्टँड लावलेच पाहिजेत. होज कोणत्या क्लिपमधून कसा वळला आहे याची छायाचित्रे घ्यावीत, तेल भांड्यात काढावे, आणि पंप व रॅक यांची उघडी तोंडे स्वच्छ प्लॅस्टिकने लगेच बांधावीत, कारण वाळूचा एक कणसुद्धा रॅकच्या व्हॉल्व्हला पुरेसा होतो.

दुकानात फोनवर मापे सांगून काम होत नाही. जुना होज अखंड, दोन्ही टोकांसकट न्यावा. तिथे पहिला प्रश्न रबराचा येतो. दुकानदार बहुधा एकेरी तारेच्या विणीचा १एसएन किंवा दुहेरी विणीचा २एसएन होज पुढे करतो. दहा मिलिमीटरच्या आसपासच्या आतल्या व्यासाला १एसएनचा कार्यदाब १८० बार, तर २एसएनचा ३३० बार असतो. आकडा मोठा म्हणून दुसरा निवडण्याचा मोह होतो, आणि मी एकदा त्याला बळी पडलो आहे: होज इतका ताठ होता की त्याला वळण देताना पंपाच्या जोडावर ताण येऊ लागला, आणि घोडबंदर रस्त्यावरच्या रांगेत प्रत्येक वळणाला स्टिअरिंग कण्हू लागले. याचे कारण नंतर कळले. गाडीच्या मूळ होजची वीण अनेकदा धाग्याची असते आणि तो दाबाखाली किंचित फुगून पंपाचे धक्के पोटात घेतो. शिवाय काही होजच्या आत धक्के शमवणारी एक बारीक नळीही बसवलेली असते. जुना होज कापताना तशी नळी निघाली, तर ती फेकू न देता नव्या होजमध्ये घालण्याचा आग्रह धरावा. पॉवर स्टिअरिंगसाठीच बनलेला होज मिळाला तर उत्तमच. तो नसेल, तर एकेरी विणीचा पुरतो. मात्र त्याची उष्णतेची मर्यादा सामान्यतः १०० अंश सेल्सिअस असते, म्हणून एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या भागावर उष्णतारोधक आवरण चढवून घ्यावे.

जुने फेरूल ग्राइंडरने उभे चिरून काढताना आतल्या नळीच्या टोकाला ओरखडा पडू देऊ नये, कारण नवा क्रिंप त्याच टोकावर बसणार असतो. टोक गंजलेले असेल, तर नळी कापून नवे निपल (होजच्या आत शिरणारे धातूचे टोक) ब्रेझिंगने, म्हणजे पितळेसारखा धातू वितळवून, जोडावे. घाईचे साधे वेल्डिंग तिथे टिकत नाही. नटांचे आटे मेट्रिक (मिलिमीटरच्या मापाचे) की बीएसपी (ब्रिटिश पाइपच्या मापाचे) हे गेजने तपासावे. दोन्ही एकमेकांत दोन-तीन फेरे जातात आणि फसवतात.

लांबीकडे विशेष लक्ष द्यावे. दाबाखाली होज किंचित आखूड किंवा लांब होतो, म्हणून तो ताणून बसेल इतका आखूड नको. दोन्ही टोकांच्या वळणांचा परस्परांशी असलेला कोन जुन्या होजवरूनच खुणावून घ्यावा. तो चुकला की नट आवळताना होज पिळला जातो, आणि पिळलेला होज लवकर फुटतो. कापल्यानंतर आतली रबराची व तारेची भुकटी हवेने साफ करून घ्यावी, आणि निपल जितके आत जायचे तितके गेले याची खूण बाहेरून करून मगच दाबायला द्यावे. फेरूल किती व्यासापर्यंत दाबायचे हे होज व फेरूलच्या उत्पादकाच्या तक्त्यात दिलेले असते. कारागिराने यंत्रावर तक्ता न पाहता अंदाजाने आकडा लावला, तर त्याला नम्रपणे थांबवावे आणि दाबल्यावर व्हर्निअरने दोन-तीन ठिकाणी व्यास मोजून पाहावा. कमी दाबले तर होज निसटतो, जास्त दाबले तर निपल आत चेपून तेलाची वाट अडते. शक्य असल्यास होज तेल भरून निदान १५० बारला तपासून घ्यावा. हवेने तपासणी करू देऊ नये, कारण हवेच्या दाबाने सुटलेले टोक गोळीसारखे उडते.

परतीची नळी कमी दाबाची असते व तिथे क्लिप चालते, पण रेडिएटरच्या होजचा तुकडा घालू नये. तो पाण्यासाठी असतो आणि तेलात फुगतो. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीची क्लिपही नवी घालावी, कारण ती सैल असेल तर तेल बाहेर न गळता हवा आत ओढली जाते.

बँजो बोल्टचे (ज्याच्या पोकळ दांड्यातून तेल जाते त्या बोल्टचे) तांब्याचे वायसर प्रत्येक वेळी नवेच घालावेत. तेल कोणते भरायचे हे झाकणावर किंवा पुस्तिकेत पाहावे. अनेक गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) चालते, पण होंडाच्या गाड्यांना त्यांचेच ठरावीक तेल लागते. पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवावे आणि टाकीतली पातळी राखत जावी. मग इंजिन सुरू करून तेच करावे. तेलात फेस दिसला तर अर्धा तास थांबावे. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून पाच सेकंदांहून अधिक धरू नये, कारण तेव्हा पंप पूर्ण दाबावर असतो. काढलेले तेल गटारात ओतू नये, ते शेवटी खाडीतच जाते. बाटलीत भरून जुने तेल घेणाऱ्या गॅरेजला द्यावे.

होज बसवल्यावर रबर आणि फेरूल यांच्या सीमेवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवावी आणि आठवडाभराने, मग महिन्याभराने ती पाहावी. रेघ आणि फेरूल यांच्यात एक मिलिमीटरची जरी फट पडलेली दिसली, तरी होज सरकू लागला आहे असे समजून गाडी तिथेच उभी करावी.