ऑफशोअर विंडच्या ओव्हरव्होल्टेज स्टडीत मी कुठे आपटलो

डेन्मार्कला येऊन तीन वर्षं झाली, काम म्हणजे उत्तर समुद्रातल्या विंड फार्म्सचे ग्रिड स्टडीज, म्हणजे फार्म ग्रिडला जोडल्यावर व्होल्टेज कसं वागेल हे मॉडेलवर तपासणं. गुजरात आणि तमिळनाडूत ५००-५०० मेगावॉटच्या ऑफशोअर (समुद्रातल्या) विंडची योजना २०२४ मध्ये मंजूर झाल्यापासून पुण्याच्या ज्युनिअर्सचे मेसेज वाढलेत, म्हणून एकदाच नीट लिहितो.

समुद्राखालची २२० केव्ही केबल किलोमीटरला साधारण अडीच-तीन एमव्हीएआर रिअॅक्टिव्ह पॉवर देते, ती शोषायला शंट रिअॅक्टर लागतो, हे तुम्हाला येतं. मी आपटलो ३३ केव्हीच्या बाजूला, म्हणजे टर्बाईन्सपासून समुद्रातल्या सबस्टेशन प्लॅटफॉर्मपर्यंतच्या केबल्सवर.

फीडरवर (टर्बाईन्सची एक माळ जोडणाऱ्या केबलवर) तीनपैकी एका फेजचा अर्थ फॉल्ट झाला, म्हणजे ती फेज जमिनीला टेकली, आणि प्लॅटफॉर्मवरचा ब्रेकर उघडला. आता इथे थांबा. आमच्या केसमध्ये अर्थिंगचा झिगझॅग ट्रान्सफॉर्मर (नेटवर्कला जमिनीशी जोडणारा) बसवर होता, जिथे सगळे फीडर्स मिळतात, म्हणजे ब्रेकरच्या पलीकडे, आणि टर्बाईन ट्रान्सफॉर्मरची ३३ केव्ही बाजू डेल्टा, तिथे जमिनीला जोडायला न्यूट्रलच नाही. म्हणजे ब्रेकर उघडला की आठ टर्बाईन्ससकट अख्ख्या फीडरचं अर्थिंगच गेलं, फॉल्ट मात्र तसाच, त्यामुळे हेल्दी (फॉल्ट नसलेल्या) फेजेस जमिनीच्या तुलनेत १९ केव्हीवरून थेट ३३ कडे. त्यात टर्बाईन्सना ब्रेकर उघडल्याचा पत्ताच नसतो, त्या ब्लॉक होईपर्यंत (त्यांचे कन्व्हर्टर थांबेपर्यंत) करंट ढकलत राहतात आणि त्याला जायला केबलच्या कपॅसिटन्सशिवाय वाट नाही, मग व्होल्टेज आणखी चढतं.

आणि हे मला दिसलंच नाही, कारण ग्राफवर मी लाइन-टू-लाइन (दोन फेजेसमधला) आरएमएस, म्हणजे एका विंडोत सरासरीसारखा काढलेला आकडा, लावला होता! न्यूट्रल (तिन्ही फेजेसचा मध्यबिंदू) जमिनीच्या तुलनेत सरकला तरी लाइन व्होल्टेज जवळपास जागच्या जागी राहतं, आणि जो फुगवटा होता तो वीस मिलिसेकंदांच्या आरएमएस विंडोत सपाट झाला. रिपोर्ट गेला. क्लायंटच्या रिव्ह्यूअरने फक्त फेज-टू-ग्राउंडचा इन्स्टंटेनियस (क्षणाक्षणाचा) ग्राफ मागितला, तो काढला तर अरेस्टरची (जादा व्होल्टेज झेलणाऱ्या उपकरणाची) एनर्जी रेटिंगच्या वर. तीन रात्री झोप नव्हती, आजही रिपोर्ट पाठवताना पोटात गोळा येतो.

उपाय आहेत. ब्रेकरच्या टर्बाईनकडच्या बाजूला प्रत्येक फीडरला स्वतःचा अर्थिंग ट्रान्सफॉर्मर द्या (प्लॅटफॉर्मवर जागा खातो, भांडण होणारच) किंवा टर्बाईन्स आधी ट्रिप करून मग ब्रेकर उघडा, पण तेवढा वेळ फॉल्ट जास्त पोसावा लागतो.

मागच्या प्रोजेक्टचं मॉडेल घे आणि केबलची लांबी बदल, असं सांगणारा सिनियर भेटेलच. ऐकू नका, माझा तो चुकीचा ग्राफही तसाच वारशात आला होता. उलट प्रत्येक ग्राफवर 'हा कशाच्या सापेक्ष?' विचारून पिडणारा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका.

ट्रान्झिएंट्स (व्होल्टेजच्या अशा क्षणिक उसळ्या) सुरुवातीला डोक्यावरून जातात, मला दीड वर्ष लागलं, तुम्हालाही लागेल, आणि त्यात काही बिघडत नाही. फक्त टर्बाईन किती मिलिसेकंदांत ब्लॉक होते हे अंदाजाने धरू नका, मॅन्युफॅक्चररकडूनच मागवा. उत्तर यायला महिना जातो, तेव्हा मेल पहिल्याच दिवशी टाका.