पीएचडीला ग्रुप निवडताना आधी फ्रिजची चौकशी करा

क्वांटम फिजिक्समध्ये पीएचडी करायची आहे म्हणून भेटायला येणारी मुलं मला हमखास विचारतात, ‘मॅडम, विषय कोणता घेऊ?’ मी म्हणते, विषय राहू दे, त्या ग्रुपचा फ्रिज वर्षातले किती दिवस चालू असतो ते विचारून ये.

मी सुपरकंडक्टिंग क्युबिटवर, म्हणजे क्वांटम संगणकाच्या अतिवाहक सर्किटांवर, काम करते. आमची चिप डायल्यूशन फ्रिज नावाच्या अतिशीत यंत्रात साधारण १० मिलिकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर, बसते. तिथवर थंड व्हायला एक-दोन दिवस लागतात, पुन्हा उघडण्याइतकं गरम व्हायलाही वेळ जातो. म्हणजे एक वायर निसटली की आठवडा गेलाच. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या फ्रिजला अशी गळती लागली, जी फक्त थंड झाल्यावरच दिसायची. चार महिने मी लीक डिटेक्टर घेऊन एकेक जोड तपासत होते. दोष निघाला इंडियम या मऊ धातूच्या एका सीलमध्ये. ते सील घाईघाईत मीच बसवलं होतं.

म्हणून गाईड समोर नसताना ग्रुपमधल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बोला. यंत्र बिघडलं तर दुरुस्त कोण करतं? मागचे पाच विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, आता कुठे आहेत? मधेच सोडून कोण गेलं? आणि माझा सगळ्यात आवडता प्रश्न: पेपरचा ड्राफ्ट दिला की गाईड तो किती दिवसांनी परत करतात? यावर मुलं एकमेकांकडे बघून हसली, तर उत्तर मिळालं समजा.

थिअरीवाल्यांना फ्रिज नाही, पण त्यांचीही सुटका नाही. ३० स्पिनांची (दोन पातळ्यांच्या क्वांटम कणांची) पूर्ण अवस्था संगणकात साठवायला १६ जीबी लागतात. पुढे प्रत्येक स्पिनमागे दुप्पट, म्हणजे ४० स्पिनांना १६ टीबी. आपली पद्धत प्रश्नापर्यंत पोचते का, हा हिशेब प्रश्न घेण्याआधी करा, तिसऱ्या वर्षी नव्हे.

संशोधनाचे प्रश्न दोन ठेवा: एक वर्षभरात संपणारा, दुसरा मनापासून आवडणारा. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ आलँ आस्पे बेल असमानतेचा (क्वांटम सिद्धांताची कसोटी पाहणारा) प्रयोग करायचा म्हणून ती असमानता मांडणाऱ्या जॉन बेलना भेटायला गेले, तेव्हा बेलनी आधी विचारलं की तुमची नोकरी कायम आहे का. होती, म्हणून पुढचं बोलणं झालं. ते प्रयोग १९८१-८२चे, नोबेल आलं २०२२ साली. एवढा धीर धरायला पायाखाली काहीतरी लागतं.

आर्काइव्ह (arXiv) या मोफत पेपरांच्या संकेतस्थळावरचा क्वांट-पीएच (quant-ph), म्हणजे क्वांटम फिजिक्सचा, विभाग रोज बघा. शीर्षकं सगळी, सारांश पाचेक, आणि आकृत्यांसकट नीट एकच पेपर. जास्त वाचलंत तर स्वतःच्या हातून काही होत नाही, हा माझा अनुभव.

पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधन-नोकरीची, तयारी थिसिस देण्याच्या वर्षभर आधी सुरू करा. फेलोशिपच्या बऱ्याच मुदती सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये येतात. प्रयोगातल्या कितीतरी जागांची मात्र जाहिरातच निघत नाही, थेट ईमेल करावी लागते. तीत ‘मी मेहनती आहे’ लिहू नका. ‘तुमच्या पेपरातल्या तिसऱ्या आकृतीत जी खाच दिसते, तशीच मला आमच्या नमुन्यात सापडली’ असं लिहा, अर्थात सापडली असेल तर. शिफारसपत्रं साधारण तीन लागतात. त्यातलं एक ग्रुपबाहेरच्या माणसाचं असलं तर वजन पडतं, आणि ती ओळख दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच व्हायला हवी. त्यासाठी परिषदेत भाषणापेक्षा पोस्टर बरं. पोस्टरपाशी माणूस थांबतो, वाद घालतो, नाव लक्षात ठेवतो. पत्र मागताना दीड महिना द्या.

प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत समोर खगोलशास्त्रवालाही बसलेला असतो. पहिली दहा मिनिटं त्याच्यासाठी ठेवा. ‘तुमचा पहिला विद्यार्थी पहिल्या वर्षी नेमकं काय करेल?’ हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी आला. त्याचं उत्तर लिहून, मोठ्याने म्हणून पाठ करा.

जागा मिळाली तरी सही करायच्या आधी लॅब बघून या. जमिनीचे हादरे, थंड पाण्याची लाइन, वीज किती, आणि छताची उंची, कारण फ्रिजच्या खालचे डबे काढायला खाली मोकळी जागा लागते. मी पर्समध्ये मेजरिंग टेप घेऊनच गेले होते. विभागप्रमुखांनी दुसरं टोक धरलं.